सासूबाईंच्या नावावर खपवलेलं दुखणं

गर्भाशय काढून टाकायचं की नाही, या प्रश्नाशी मी गेली दोन वर्षं झगडत होते. आता ठरलं आहे, तारीखही मिळाली आहे. मधल्या दिवसांत रक्त वाढायच्या गोळ्या वेळेवर घेण्यापलीकडे मला फारसं काम नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे. एंडोमेट्रिओसिस हा शब्द ज्या बाईनं आपल्या रिपोर्टवर नुकताच वाचला असेल तिला थोडा आधार व्हावा, हा एक हेतू. दुसरा हेतू कबुलीचा आहे, आणि खरं सांगायचं तर तोच पहिला आहे.

आजाराची पुस्तकी माहिती मी देणार नाही, ती डॉक्टर देतील. एवढंच सांगते, की गर्भाशयाच्या आत असतं तसलं अस्तर माझ्या पोटात भलत्या ठिकाणी रुजलं आहे. दर महिन्याला तेही सुजतं, त्यातूनही रक्त येतं, आणि त्या रक्ताला बाहेर पडायला वाट नाही. ते आतच राहतं आणि आतल्या गोष्टी एकमेकींना चिकटवत जातं. हे दुखणं मी पंधरा वर्षं लपवलं. ज्या युक्तीनं लपवलं तिची किंमत माझ्यापेक्षा माझ्या सासूबाईंनी जास्त मोजली.

कशी, ते सांगते.

कुकरच्या तीन शिट्ट्या

आम्ही मूळचे मिरजेकडचे. सुहासची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, नोकरी खिदिरपूरच्या गोदीत. मधली काही वर्षं त्याची बदली हल्दियाला होती, तेव्हा तो शनिवार-रविवारीच घरी असायचा. आम्ही कोलकात्याला आलो तेव्हा मुलगी चार वर्षांची होती. तिचं नाव मैत्रेयी, पण वरच्या मजल्यावरच्या काकोली बौदींनी, म्हणजे वहिनींनी, तिला मिठू म्हणायला सुरुवात केली आणि तेच राहिलं. सासूबाई म्हणाल्या होत्या, "पोरीला मिठू काय? पोपट पाळलाय का घरात?" आता त्याही मिठूच म्हणतात.

सासऱ्यांच्या मागे सासूबाई आमच्याकडे, कोलकात्यातल्या बेहालाला, राहायला आल्या. मी त्यांना आई म्हणते. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांची तीस वर्षं नोकरी झाली होती. आवाज खणखणीत, वागणं सरळ, आणि देवपूजा पाच मिनिटांत उरकणारी.

त्या आल्यावर थोड्याच दिवसांनी, एका सकाळी, कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला मी गॅस बंद केला आणि ओट्याखाली फरशीवर बसले. गुडघे पोटाशी घेतले, पाठ गार भिंतीला टेकवायला बघत होते. तेवढ्यात आई आत आल्या.

"काय गं, खाली का बसलीस?"

"दुखतंय" एवढा एकच शब्द म्हणायचा होता. तो मला म्हणता आला नाही. माझ्या माहेरी पाळीत पोट दुखतं म्हणणारी मुलगी नाटकी समजली जायची. माझी आई म्हणायची, "सगळ्यांनाच येते. तूच काय ती जगावेगळी?" तेराव्या वर्षापासून ऐकलेलं ते वाक्य आडवं आलं आणि मी म्हटलं, "बाहेरची आहे. विसरून आत आले."

आई हसल्या. "मग? ओटा काही बाटत नाही."

"आमच्याकडे पाळतात, आई."

हे खोटं होतं. माहेरी आजी गेल्यावर कुणीही काही पाळलं नव्हतं. आईंच्या चेहऱ्यावर क्षणभर नवल दिसलं, मग त्या म्हणाल्या, "मी शाळेत जाणारी बाई. चार दिवस बाजूला बसले असते तर पोरांना पाढे कुणी शिकवले असते? म्हणून मी सोडलं ते सोडलंच. पण तुझा नेम असेल तर मी कशाला मोडायला लावू? जा, मागच्या खोलीत पड. भात मी बघते."

मागच्या लहान खोलीत चटई होती. मी आडवी झाले. दार लोटलेलं, कुणी हाक मारणार नाही, काही विचारणार नाही. लग्नानंतर पहिल्यांदा मला माझ्या दुखण्यासाठी जागा मिळाली होती. पुढच्या महिन्यात मी आपणहून त्या खोलीत गेले.

माझं कडक सोवळं

पाळी चार दिवसांची, दुखणं आठ दिवसांचं. मग माझे नियमही वाढत गेले. "आमच्याकडे सात दिवस धरतात," मी सांगितलं. नंतर, पाळीच्या आधी दोन दिवस जे दुखायचं त्यासाठीही काहीतरी रीत शोधून काढली. ती कुठल्या शास्त्रात आहे हे मला आजही माहीत नाही. आई एकदा म्हणाल्या, "तुमच्याकडचं फारच कडक दिसतंय बाई." पण त्यांनी खोदून विचारलं नाही. दुसऱ्याच्या श्रद्धेत नाक खुपसायचं नाही, हा त्यांचा स्वभाव.

सुहासला नवल वाटलं. "आई कधीच पाळायची नाही गं," तो म्हणाला. मी म्हटलं, "मला पाळायचंय." त्यावर तो "बरं" म्हणाला आणि हल्दियाची गाडी पकडायला गेला. तुमचं बायकांचं तुम्ही बघा, असं त्याचं सगळ्या बाबतीत होतं. त्याला मी आज दोष देत नाही. त्यानं विचारावं अशी माझीही इच्छा नव्हती.

तर घरात मी धार्मिक झाले. घराबाहेर मात्र उलटंच झालं.

एका दुपारी काकोली बौदी काहीतरी द्यायला खाली आल्या. मी मागच्या खोलीच्या उंबऱ्याशी होते, आई पुढे ओसरत्या उन्हात खोबरं किसत बसल्या होत्या. बौदींनी चटई पाहिली, वेगळं ताट-भांडं पाहिलं, आणि आवाज खाली आणून मला विचारलं, "तोमार शाशुड़ी एखोनो एशॉब मानेन?" तुझी सासू अजून हे सगळं मानते का, असं त्या विचारत होत्या. आईंना तेव्हा बंगाली येत नव्हतं. आपल्याबद्दल काहीतरी चाललंय एवढंच कळून त्या बौदींकडे बघून हसल्या.

मी मान डोलावली.

ते एक मान डोलावणं मी पंधरा वर्षं निभावलं. बौदींनी माझा हात दाबला. पुढच्या महिन्यापासून त्या दिवसांत वरून माझ्यासाठी लुची, म्हणजे मैद्याच्या पुऱ्या, आणि आलूदम यायला लागलं. मी चटईवर बसून ते खाल्लं. मला ती सहानुभूती हवी होती. दुखण्याबद्दल मिळत नव्हती, म्हणून सासूबद्दल घेतली. इथल्या मराठी मंडळात, मिठूच्या मैत्रिणींच्या आयांमध्ये हळूहळू तेच पसरलं: हिची सासू फार जुन्या वळणाची आहे, बिचारी.

मिठूला तेराव्या वर्षी पाळी आली. त्याच संध्याकाळी आईंनी मला बाजूला घेऊन बजावलं, "हे बघ, तुझा नेम तुझ्यापाशी. पोरीला यात ओढायचं नाही. ती घरभर फिरेल, देवापाशी जाईल. मला चालेल, देवालाही चालेल." मी हो म्हटलं. रात्री जेवताना मिठूला सांगितलं, "तुला काही पाळायचं नाही." तिनं आजीकडे एक जळजळीत नजर टाकली आणि मला मिठी मारली. तिला वाटलं, आई आजीशी भांडली. मी तिला तसं वाटू दिलं.

मी जे केलं त्यात मला सर्वांत जड जातं ते हे.

नाव कळलं तो दिवस

मिठूच्या शाळेत पालकसभा होती. मी उभी होते ती खाली बसले, आणि पुढचं मला आठवत नाही. तिच्या बाईंनी टॅक्सी करून दिली. दोन दिवसांनी सोनोग्राफीच्या टेबलावर मी पडले होते, शेजारच्या खुर्चीत मिठू. तपासणारे डॉक्टर हाताखालच्या मुलीला म्हणाले, "चॉकलेट सिस्ट." जुन्या, काळपट रक्तानं भरलेल्या गाठीला तसं म्हणतात. मिठू तेव्हा बारा वर्षांची. ती कुजबुजली, "आई, तुझ्या पोटात चॉकलेट?" मला पोट दुखत असतानाही हसू आलं.

रिपोर्ट घेऊन ज्यांच्याकडे गेले त्या डॉक्टरबाईंचं चेंबर जुन्या घराच्या तळमजल्यावर आहे. लाकडी बाक, भिंतीवर बाळांचे फोटो. त्यांनी रिपोर्ट वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "इतने साल आपने सहा कैसे? किसी को बोला नहीं?"

मी रडले. घाबरून रडले नाही. याला नाव आहे, हे ऐकून रडले. मी नाटकी नव्हते. माझी आई तेव्हा जिवंत नव्हती, नाहीतर तिला फोन केला असता.

ज्या बायकांना आज नाव कळेल त्यांना सांगते, तो दिवस वाईट नसतो. तो एकटीनं घालवला तर मात्र वाया जातो. मी तो टॅक्सीत, रासबिहारीच्या सिग्नलला एकटीनंच घालवला. घरी येऊन म्हटलं, "छोटीशी गाठ आहे, दुर्बिणीतून काढतील." खरं सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग इतकी वर्षं चटईवर काय चाललं होतं? त्या प्रश्नाला मी भ्याले.

नर्सिंग होममधले तीन दिवस

पहाटे पाचला बीपी, सहाला चहा आणि दोन बिस्किटं, आठला चादर बदलणार, दहाला डॉक्टरांची फेरी. नर्सिंग होममधला दिवस घड्याळ न बघताही कळतो. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पोटात हवा भरतात. ती नंतर खांद्यात जाऊन दुखते हे मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी तुम्हाला सांगून ठेवते. घाबरू नका, दोन दिवसांत जातं.

तिथे माझ्यासाठी ठेवलेल्या एक आया होत्या, सगळे त्यांना माशी, म्हणजे मावशी, म्हणायचे. सुंदरबनच्या बाजूच्या, बारीक चणीच्या, पान खाणाऱ्या. दुसऱ्या दिवशी दुपारी मी दात-ओठ आवळून पडले होते. त्यांनी माझी मूठ उघडून बघितली. तळव्यात नखं रुतली होती. "काँदो, मा," त्या म्हणाल्या, "काँदले हाल्का लागबे." रड, रडलीस की हलकं वाटेल. आणि पाठ करून खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या, कुणी आत आलं तर अडवायला. मी मनसोक्त रडले. त्या माशींचं नावही मी विचारलं नाही.

त्यानंतर सहा महिने इंजेक्शनं झाली. पाळी बंद, दुखणंही बंद. चैत्राच्या उकाड्यात अंगातून वाफा निघायच्या, पण मी उभी होते, स्वयंपाक करत होते. आई म्हणाल्या, "चला, तुझा नेम सुटला." त्या सहा महिन्यांत त्यांच्या गुडघ्यांची सूज उतरली. मी ते पाहिलं. महिन्यातले आठ-दहा दिवस ओट्याशी उभं राहणं वयाच्या सत्तरीकडे कसं झेपत होतं, हे माझ्या डोळ्यांसमोर होतं. इंजेक्शनं संपली, दुखणं परतलं, आणि मी पुन्हा चटई घातली.

फायलीत लिहिलेली सासू

गेल्या दोन वर्षांत गोळ्यांनी काम करणं सोडलं. पाय बधिर व्हायचा, शौचाला जाताना घाम फुटायचा. गर्भाशय काढायचा विषय मीच डॉक्टरबाईंकडे काढला. त्या म्हणाल्या, तीन महिने डायरी लिहा. कुठल्या दिवशी किती दुखलं, काय करता आलं नाही, काय घेतलं. त्यावर बोलू.

मी डायरी लिहिली. दुखण्याच्या दिवसांपुढे मी काय लिहावं? "बाजूला." तीन महिने, प्रत्येकी आठ-नऊ दिवस, "बाजूला, बाजूला, बाजूला." घरात कुणी डायरी उघडली तर, या धाकानं तिथेही तोच शब्द.

मिठू आता वीस वर्षांची, कॉलेजात आहे. त्या दिवशी ती माझ्याबरोबर चेंबरमध्ये आली. डॉक्टरबाईंनी डायरी चाळली आणि या शब्दाचा अर्थ विचारला. मिठूनंच इंग्रजी-बंगालीत सगळं सांगितलं: आजी आईला कोपऱ्यात बसवते, दर महिन्याला, पंधरा वर्षं. डॉक्टरबाई लिहीत गेल्या. मला उलटं दिसत होतं, पण "मदर-इन-लॉ" हे शब्द वाचता आले.

मग त्यांनी पेन ठेवलं. "देखिए, एक बात सच बताइए. ऑपरेशन आपको दर्द के लिए चाहिए, या उस कोने से छूटने के लिए?"

मी टेबलावरची डायरी ओढून घेतली आणि मिटली.

त्यांचं म्हणणं रास्त होतं. हे ऑपरेशन म्हणजे दुखणं जाण्याची हमी नाही, त्या म्हणाल्या. गर्भाशयाबाहेर जे रुजलं आहे तेही काढावं लागेल, आणि तरी थोडं मागे राहू शकतं. डायरीत दुखण्याची एक ओळ नाही. सासूच्या जाचासाठी मी कुणाचं गर्भाशय काढत नाही, त्यांनी सुनावलं. आधी घरच्यांशी बोला, मग या.

पंधरा वर्षांत माझ्या खोट्यानं पहिल्यांदाच माझी वाट अडवली होती. खरं बोलले नाही तर ऑपरेशन नव्हतं.

खोबरं किसताना

घरी जाऊन सावकाश, योग्य वेळ बघून बोलायचं असं मी टॅक्सीत ठरवत होते. पण मिठू चपला काढतानाच सुरू झाली. आई जेवणाच्या टेबलाशी खोबरं किसत होत्या.

"आजी, तुला माहिती आहे, आईला ऑपरेशन का पाहिजे? तुझ्यामुळे. तू तिला तिथे बसवते म्हणून." मिठूचं मराठी असं आहे. रागात ते अजून मोडतं.

"मी?" आई म्हणाल्या. "मी कुठे बसवते?"

"सगळ्यांना माहिती आहे, आजी."

"सगळ्यांना म्हणजे कुणाला गं?" त्यांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मुलगी कितीही चिडली तरी आपली सून खरं काय ते सांगेल, अशा नजरेनं.

मी सांगितलं. उभ्यानंच सांगितलं. पहिल्यापासून, ओट्याखालच्या फरशीपासून. माहेरी कुणी पाळत नव्हतं. मला दुखत होतं. सात दिवसांची रीत मी बनवली. बौदींनी विचारलं तेव्हा मान डोलावली. मिठू तेरा वर्षांची होती तेव्हा तिला सोडवणारी मी नव्हते, आजी होती.

मग आईंनी किसणी आडवी केली.

"तुला काय वाटलं, मला भात लावायचा कंटाळा होता?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "दुखतंय म्हणाली असतीस तरी लावलाच असता. त्यात काय मोठंसं? पण ती वरची बाई. इतकी वर्षं ती मला कोण समजत होती? मी तिला दर दिवाळीला चकल्या देते."

त्या उठून आपल्या खोलीत गेल्या. मिठू तिथेच उभी होती. "मला पण वापरलंस तू," ती म्हणाली. "मी आजीशी कशी वागले, आई. सात वर्षं." तिनं दार आपटलं असतं तर बरं वाटलं असतं. तिनं ते हळूच लावलं.

चार दिवस

आई माझ्याशी चार दिवस बोलल्या नाहीत. म्हणजे "दूध आलंय" आणि "गॅस संपत आलाय" एवढं बोलल्या, पण ते भिंतीलाही सांगता आलं असतं. सुहासला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मला माहीत होतं की आई पाळत नाही. मी कधी मिठूला सांगितलं नाही. डोक्यातच आलं नाही." त्यालाही आपला वाटा दिसला असावा. त्यानंतर भात तो लावतो. पहिल्या दिवशी खिमट झालं, आईंनी न बोलता खाल्लं.

पाचव्या दिवशी आई माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "त्या डॉक्टरणीकडे परत कधी जायचंय?"

"गुरुवारी."

"मी येते."

चेंबरच्या बाकावर त्या तासभर ताठ बसल्या. आत गेल्यावर खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाल्या, "डॉक्टर, वो कागज में मेरा जो लिखा है ना, वो गलत है. काटो."

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, हो, गलत है. आणि आठ वर्षांत जे सांगितलं नव्हतं ते त्यांनाही सांगितलं. त्यांनी फाईल उघडली, त्या ओळी आडव्या रेघेनं खोडल्या, बाजूला सही केली आणि फाईल आईंकडे फिरवली. आईंनी चष्मा लावून पाहून घेतलं. मगच बसल्या.

डॉक्टरबाईंनी मग आईंनाच विचारलं, इतक्या वर्षांत तुम्ही काय पाहिलं? आईंनी पाढे म्हणावेत तसं सांगितलं: पहिल्या दिवशी नाश्ता नेला तर अर्धा परत येतो. दुसऱ्या दिवशी चहाही तसाच. तिसऱ्या दिवशी खोलीतून कण्हण्याचा आवाज. मला वाटायचं पोथी म्हणते. गेल्या वर्षापासून उठताना डावा पाय ओढते. मागच्या संक्रांतीच्या सुमारास न्हाणीघरात पडली, मला म्हणाली पाय घसरला. फरशी कोरडी होती.

"मैंने देखा सब," त्या शेवटी म्हणाल्या, "समझा नहीं."

डॉक्टरबाई भराभर लिहीत होत्या. माझी डायरी आईंकडे होती. ती त्यांनी लिहिली नव्हती, एवढंच.

ठरलं ते

त्यानंतर एमआरआय झाला, दुसऱ्या एका डॉक्टरांचं मत घेतलं. दुसरं मत जरूर घ्या. चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही. गर्भाशय काढतील, आतड्याला चिकटलेलं जमेल तेवढं सोडवतील, एक बीजकोश शक्य झाल्यास ठेवतील. नंतरही थोडं दुखू शकतं. हे सगळं कळल्यावर मी घरी विचारलं. आई म्हणाल्या, "ते तुझं तू ठरव. माझं नाव परत मध्ये आणू नकोस."

त्या गमतीनं म्हणाल्या नव्हत्या. पण मिठूला हसू फुटलं, आणि तिच्यामागोमाग मलाही. आईंना नाही.

मी ठरवलं. भीती आहे. इतकं करूनही दुखलं तर, ही एक. दुसरी सांगायला विचित्र वाटते: दुखत नसताना थकले, नुसतंच पडावंसं वाटलं, तर काय म्हणायचं असतं हे मला येत नाही. ते शिकावं लागेल. लोक म्हणतात, बाईपण जातं. मला तशी भीती वाटत नाही. माझ्या बाईपणाची बरीच वर्षं त्या चटईवर गेली, आता राहिलेलं तरी उभ्यानं घालवावं म्हणते.

तुम्ही यातून जात असाल तर एकच मागणं आहे. ज्या दिवशी दुखेल त्या दिवशी दुखतंय असंच म्हणा. उपास, नेम, पित्त, थकवा, यांतलं काही पुढे करू नका. त्या आडोशाचं भाडं दुसरंच कुणीतरी भरत असतं.

दुसरा मजला

गेल्या रविवारी आई म्हणाल्या, "वरच्या बाईला सांगितलंस?"

नव्हतं सांगितलं.

"चल. मी येते. एकटी गेलीस तर अर्धवट सांगशील."

आम्ही तळमजल्यावर, बौदी दुसऱ्यावर, आणि इमारतीला लिफ्ट नाही. आई वर्षभरात एकदाही जिना चढल्या नव्हत्या. मला चौथा दिवस होता. मी म्हटलं, बौदींनाच खाली बोलावू. त्या म्हणाल्या, "खोटं आपलं आहे, तिनं का उतरायचं?" आणि कठडा धरून चढायला लागल्या. एक पाय, मग दुसरा त्याच पायरीवर, मग पुढची पायरी.

मधल्या वळणावर माझ्या पोटातून कळ आली आणि मी भिंतीला टेकले. आई थांबल्या.

"दुखतंय?"

"हो."

"किती?"

हे मला घरात कुणी कधी विचारलं नव्हतं. मी विचार करून सांगितलं, "उभं राहवत नाही इतकं."

"माझंही तसंच आहे," आई म्हणाल्या. "बस जरा."

पायरीवर आम्ही दोघी बसलो. त्या दोन्ही हातांनी गुडघे चोळत होत्या, मी पोट धरून होते. वरून फोडणीचा वास येत होता, बौदींचा रेडिओ चालू होता. आईंनी मला माफ केलं का, ते मी विचारलं नाही, आणि त्यांनी सांगितलंही नाही. थोड्या वेळानं त्या कठड्याला धरून उठल्या, मला हात दिला, आणि उरलेल्या पायऱ्या चढून मी बौदींची बेल वाजवली.